रविवारच्या कुस्त्या : सर्व सभासदांनी यावे

नमस्कार मंडळी,
येत्या रविवारी दुपारी ४ वाजता आपल्या तालमीत निकाली (हार-जीत ठरेपर्यंत चालणाऱ्या) कुस्त्या आहेत. तिकीट नाही. इनामासाठी यथाशक्ती वर्गणी वस्तादांकडे द्यावी.

शनिवारी सकाळी ६ वाजता हौदाची (कुस्तीच्या आखाड्याची) माती कालवायची आहे. ताक, तेल, हळद, लिंबं आणून ठेवली आहेत. हात कमी पडताहेत. गेल्या वेळी चारच पोरांनी फावडी मारली, तळहातांना फोड आले त्यांच्या.

१९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव अशाच मातीत घडले. आज पुण्याच्या पेठांतल्या तालमी ओस पडताहेत, म्हणून पोराबाळांना घेऊनच या.

- चपला बाहेर काढाव्यात. हौदाजवळ तंबाखू, गुटखा अजिबात चालणार नाही.
- कुस्ती धरायची असेल त्यांनी शुक्रवारपर्यंत वस्तादांना वजन कळवावे.