तीन भाकऱ्या त्या तीन भाकऱ्याच

सोलापूर

प्रिय मंगल,

रिपोर्टचा फोटो मिळाला. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा, ६.१. ५.७ ते ६.४ म्हणजे प्री-डायबेटिस, मधुमेहाच्या उंबरठ्यावर, तेव्हा तू जवळजवळ मधोमध आहेस. रडत बसू नकोस, पण 'बॉर्डरवर आहे गं' म्हणून सोडूनही देऊ नकोस. २०२३ साली आलेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, पाहणीत असे १३ कोटी ६० लाख लोक भारतात आहेत असा अंदाज निघाला, त्यामुळे सोबतीला माणसं भरपूर!

आता भांडायचं ते भांडते. पोळी बंद करून तीन ज्वारीच्या भाकऱ्या सुरू केल्यास आणि त्याला तू लो-कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांचं जेवण, म्हणतेस? सोलापुरात बसून भाकरीविरुद्ध लिहिते आहे, शेजारणींना कळलं तर वाळीत टाकतील, पण शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात ६५-७० ग्रॅम कर्बोदकं असतात, आणि गव्हाच्या पिठातही जवळपास तेवढीच. भाकरीने पोट जरा जास्त वेळ भरलेलं राहतं, हे मान्य. म्हणून एकच खा. मुळात आपल्याकडे जेवणातली साठ-पासष्ट टक्के ऊर्जा धान्यातून आणि साखरेतूनच येते. आयसीएमआरच्याच दुसऱ्या अभ्यासाने प्री-डायबेटिसवाल्यांनी ती पन्नास-पंचावन्न टक्क्यांच्या आसपास आणावी आणि प्रथिनं वीस टक्क्यांपर्यंत न्यावीत असं सुचवलं. म्हणजे धान्य पार हद्दपार करायचं नाही, ताटातली त्याची जागा आक्रसायची.

आणि ती जागा रिकामी ठेवायची नाही. इथेच सगळ्यांचं फसतं. दोन भाकऱ्या कमी केल्या आणि भाजी तेवढीच वाढून घेतली की चार वाजता फरसाणाचा डबा उघडतोच. मोड आलेल्या मटकीची उसळ चमच्याने नाही, वाटी भरून घे. दोन अंडी, नाहीतर पनीर. भाकरी एक असली तरी दही घालून शेंगाचटणी हवीच, फक्त शेंगदाण्यात उष्मांक भरपूर, म्हणून दोन चमच्यांवर थांब. पिठलंही चालेल, पण त्याच्याबरोबर भात नको.

संकष्टी, एकादशी, गुरुवार हे तुझे उपास तर मला जास्त छळतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात बटाटा, वर वरीचा भात. देवाला ताक आणि मूठभर शेंगदाणे चालतात, विचारून बघ.

अजून एक. सगळ्यांची जेवणं झाली की पातेल्याच्या बुडाचा भात खरवडून तू आपल्या ताटात घेतेस, त्यावर उरलेली आमटी ओततेस, आणि 'एवढ्याशासाठी डबा कशाला भरायचा' म्हणतेस. तो घास तुझ्या कुठल्याच हिशेबात येत नाही. उद्यापासून भात मोजून लाव.

अगदी कडक लो-कार्बही करून पाहिलेलं आहे लोकांनी. न्यू ऑर्लिन्सच्या एका प्रयोगात, त्याचे निष्कर्ष २०२२ साली आले, तुझ्यासारखेच आकडे असलेल्यांना आधी दिवसाला चाळीस ग्रॅमच्या आत, मग साठच्या आत कर्बोदकं ठेवायला सांगितली. सहा महिन्यांनी त्यांचं वजन नेहमीसारखंच खाणाऱ्या दुसऱ्या गटापेक्षा साधारण सहा किलो जास्त उतरलं, आणि एचबीए१सी ०.२३ ने जास्त खाली आलं. पण त्यांचं एकूण खाणंही कमी झालं होतं, तेव्हा सगळं श्रेय भात-पोळी सोडण्याला देऊ नकोस. चाळीस ग्रॅम म्हणजे दिवसाला एक भाकरी, बस! तुला ते जन्मभर जमेल असं मला वाटत नाही. पहिल्या आठवड्यात काटा झरझर खाली जाईल, त्यात बरंचसं पाणी असतं, म्हणून लगेच नव्या ब्लाउजची मापं देऊ नकोस. बहात्तर किलोतले पाच किलो उतरले तरी सात टक्के झाले. अमेरिकेतल्या मोठ्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅममध्ये उद्दिष्ट तेवढंच होतं, जोडीला आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं, आणि त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं.

भावोजींना मात्र तुझ्या ताटात ओढू नकोस. त्यांच्या मधुमेहाच्या गोळ्यांत साखर उतरवणारं ग्लिमेपिराइड आहे ना? एकदम भात-भाकरी कमी केली तर साखर फार खाली जाऊन घाम सुटेल, हातपाय थरथरतील. आधी त्यांच्या डॉक्टरांना विचार, गोळीचा डोस ते ठरवतील.

तीन महिन्यांनी पुन्हा तपास, त्याआधी एचबीए१सी काढण्यात अर्थ नाही. रिपोर्ट आला की फोटो पाठव, आणि या वेळी वजनही लिही, लपवू नकोस.

तुझी,
शैला