सेफ्टी व्हॉल्व्ह कधी तपासला ते गेटवर लिहा

संपादक साहेब, नमस्कार. मी हडपसरला राहतो, कुरकुंभ एमआयडीसीत केमिकल कंपनीत २२ वर्षं मेंटेनन्सला होतो. आग लागली की पेपरात धुराचा फोटो येतो पण आतल्या मशिनरीबद्दल कोणी बोलतच नाही म्हणून लिहितोय. ग्लासलाइन रिअ‍ॅक्टर म्हणजे केमिकल बनवायचं मोठं भांडं, बाहेरून स्टील आणि आतून काचेचा थर, आत पाना पडला किंवा गरम भांड्यात एकदम गार पाणी सोडलं आणि तो थर एवढुसा जरी उडाला की अ‍ॅसिड थेट स्टील खायला लागतं, बाहेरून कळत पण नाही. स्पार्क टेस्टमध्ये (विजेची ठिणगी पाडून थर तपासतात) सापडतं, पण त्यासाठी बॅच थांबवावी लागते ना, मग पुढच्या महिन्यात बघू म्हणतात. आतलं प्रेशर वाढलं की आपोआप उघडतो तो सेफ्टी व्हॉल्व्ह, आमच्याकडे एकदा तो खोलला तर खाली पावडर जमून पूर्ण चोकअप, हातपाय गार पडले आमचे.

१९८४ ला भोपाळमध्ये गॅस सुटला तेव्हा विषारी केमिकलची टाकी थंड ठेवणारं रेफ्रिजरेशन बंद होतं, फ्लेअरचा (सुटलेला गॅस जाळणारी चिमणी) पाइप काढून ठेवलेला. यंत्रं होती, चालू नव्हती!! प्रत्येक कंपनीने व्हॉल्व्ह, रप्चर डिस्क (जादा प्रेशरला फुटणारी पातळ चकती), स्क्रबर (विषारी गॅस धुऊन काढणारं यंत्र) शेवटचे कधी तपासले ती तारीख मराठीत गेटवर लावावी. आत ठेकेदाराची पोरं काम करतात, त्यांना ती वाचता आली पाहिजे.

– एक निवृत्त फिटर, हडपसर, पुणे