हजार उपकरणांच्या आतली हॉटेले

संपादक महोदय,

भंगारअड्ड्याला आग लागली की चार दिवस आपल्याकडे गोव्यात एकच चर्चा चालते: अड्डा बेकायदा होता का, पंचायतीने नोटीस दिली होती का? माल आला कुठून, हे कुणी विचारत नाही.

खाऱ्या हवेत एसीची बाहेरची युनिटे लवकर गंजतात. पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी असते, तेव्हा किनारपट्टीतली हॉटेले एसी, टीव्ही, फ्रिज एकगठ्ठा बदलतात. भंगारवाल्याचा टेम्पो दारात येतो, रोख पैसे मोजतो आणि माल उचलतो. पुढे तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात. वायरींवरच्या पीव्हीसी प्लास्टिकच्या त्या धुरात डायॉक्सिन हे विषारी रसायन असते. एसीचा पाइप कापला की गॅस थेट हवेत. फुटलेल्या सर्किट बोर्डांतले शिसे मातीत मुरते, आणि आपली चिऱ्याची जमीन सच्छिद्र. विहिरी तर शेजारीच.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (मोडीत निघालेली विजेची उपकरणे) नियमांत मोठ्या वापरकर्त्यांनी असा कचरा नोंदणीकृत यंत्रणेकडेच द्यावा, असे बंधन आहे. पण मोठा वापरकर्ता कोण? वर्षभरात किमान १,००० उपकरणे वापरणारा. पन्नास खोल्यांच्या हॉटेलात खोलीगणिक एसी, टीव्ही, फ्रिज आणि किटली धरली तरी बेरीज २०० होते. कळंगुटपासून मोरजीपर्यंत अशी छोटी हॉटेले आणि गेस्ट हाऊस किती आहेत, ते सांगायला नको. कंपन्या आणि सरकारी कचेऱ्या डोळ्यांसमोर ठेवून आखलेली ही रेषा गोव्याच्या कामाची नाही.

राज्याच्या हातात मात्र दुसरी दोरी आहे. हॉटेलांना १९८२ च्या पर्यटन व्यापार नोंदणी कायद्याखाली नोंदणी करावीच लागते. तिच्या नूतनीकरणाच्या वेळी मोडीत काढलेल्या उपकरणांची नोंदणीकृत रिसायकलरकडची पावती मागावी. एवढ्यासाठी दिल्लीकडे बघायची गरज नसावी.

हॉटेलवाले म्हणतील, भंगारवाला जास्त पैसे देतो. खरे आहे. जाळण्याने आणि टाकून देण्याने होणाऱ्या नुकसानीचा खर्च त्याला पडत नाही, म्हणून त्याला ते परवडते. तरीही त्याला हाकलून लावणे मला पटत नाही. दारोदार फिरून माल गोळा करण्याचे काम त्याच्याइतके चोख कोणतेही खाते करणार नाही. त्याने गोळा करावे, पण कापणे-जाळणे बंद. राज्याच्या कचरा व्यवस्थापन महामंडळाने तोच माल त्याच्याकडून ठरलेल्या दराने विकत घ्यावा. पुढच्या पावसाळ्यात निदान बार्देश आणि पेडणे तालुक्यांत हे करून पाहावे.

– एक वाचक, बार्देश