वायरिंगवाल्या भाऊंना आभाराचं पत्र

भाऊ, सप्रेम नमस्कार.

आमच्या २००५ सालच्या मारुती ८०० चे मागचे दोन्ही दिवे आता लख्ख लागतात. ब्रेकवर पाय ठेवला की मागची भिंत लाल होते. तोंडावर आभार मानायला लागलो की तुम्ही "राहू द्या ना जी, त्यात काय" म्हणून पुढच्या गाडीचं बॉनेट उघडता, म्हणून लिहून पाठवतो आहे. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहे, कारण केळापूर तालुक्यात, आणि पुढे वणी-मारेगावकडेही, गावोगावी अशा जुन्या गाड्या आहेत. तुम्ही जे केलं ते त्यांच्या मालकांनाही कळायला हवं.

त्रास असा होता की ब्रेक दाबला की उजवा दिवा उजळायच्या ऐवजी मंद व्हायचा आणि त्याच्यासोबत इंडिकेटर उगाच मिणमिणायचा. एका ठिकाणी दाखवलं तर दोन्ही टेल लाईट नव्या घ्या आणि मागची वायरिंग पूर्ण बदला असं सांगितलं होतं. तुम्ही आधी काहीच बदललं नाही. हातभर वायरचा तुकडा घेतला, एक टोक होल्डरच्या पत्र्याला टेकवलं, दुसरं डिकीतल्या कोऱ्या लोखंडाला, आणि मला ब्रेक दाबायला सांगितलं. दिवा भक्कन पेटला. "बल्ब बराबर हाये जी, अर्थ भेटून नाही राहिला त्याले," एवढंच बोललात. अर्थ म्हणजे करंट परत जायचा रस्ता.

त्या बल्बमध्ये दोन तारा असतात हे मला तुमच्याकडे कळलं. ५ वॅटची तार रात्रीच्या दिव्यासाठी, २१ वॅटची ब्रेकसाठी. दोघींचा करंट परत जायचा रस्ता मात्र एकच, तो म्हणजे बॉडीला कसलेली काळी वायर. आमच्या गाडीत त्या वायरच्या थिंबलखाली, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीखाली, गंजाचा थर बसला होता. ब्रेकच्या करंटला तिथून वाट मिळेना, मग तो बाकीच्या बल्बच्या तारांतून उलटा शिरून परत जायला बघायचा. म्हणून भलताच दिवा मिणमिणायचा आणि जो लागायला हवा तो मंद पडायचा. तुम्ही सांगितलेलं आणखी एक मी विसरणार नाही: तारेच्या बल्बला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं तर उजेड दहा टक्के कमी होत नाही, जवळपास तीस टक्के पडतो. गाडीत बसलेल्याला वाटतं दिवा लागला आहे. मागून येणाऱ्याला तो दिसतच नाही.

मग तुम्ही स्क्रू काढून थिंबल आणि पत्रा दोन्ही पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासले, होल्डरमधली हिरवी बुरशी खरवडली, परत कसून वरून व्हॅसलीनचं बोट फिरवलं. काळवंडलेला बल्ब बदलला, आणि त्याच्या जोडीचा दुसऱ्या बाजूचाही, कारण दोघांचं वय सारखं. या बल्बच्या बुडाच्या दोन खिळ्या मुद्दाम वर-खाली ठेवलेल्या असतात, म्हणजे तो उलटा बसू नये, हेही दाखवलंत. जोर लावून बसवला तर रात्रीच्या दिव्याच्या जागी ब्रेकची तार पेटते आणि ब्रेक दाबल्यावर मागच्याला फरकच कळत नाही. फ्यूजच्या जागी कोणीतरी गुंडाळलेली तांब्याची तार तुम्ही न बोलता काढली आणि नीट फ्यूज बसवला. त्या एका गोष्टीसाठी तर मी तुमचा जन्माचा ऋणी आहे. शॉर्ट झाला असता तर तार वितळली नसती, वायरिंग जळालं असतं, आणि त्या गाडीत माझी लेकरं बसतात.

उजव्या दिव्याची काच तडकलेली होती. पावसाळ्यात तिच्यातून पाणी आत जायचं, होल्डर गंजण्याचं मूळ तेच. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये बंद झालं, पण सुटे भाग अजून मिळतात, मात्र नकली जास्त. स्वस्त काच आपल्या उन्हात दोन उन्हाळ्यांत गुलाबी पडते, म्हणून तुम्ही मला घाई करू दिली नाही. काचेतला रिफ्लेक्टर खरा की नुसता ठसा, हे पाहायची तुमची रीत मी आता सगळ्यांना सांगतो: अंधारात लांब उभं राहायचं, टॉर्च डोळ्याशेजारी धरायचा आणि उजेड मारायचा. खरा रिफ्लेक्टर उजेड आला तिकडेच परत फेकतो, नकली नुसता लाल दिसतो. बॅटरी उतरून गाडी रस्त्यात उभी राहिली तर तेवढाच काय तो आधार. डावी काच पेट्रोलने पुसायला माझा भाचा निघाला होता, तुम्ही त्याचा हात धरलात. पेट्रोल-थिनरने ते प्लास्टिक बारीक बारीक चिरतं, साबणपाणी पुरे.

त्याच भाच्याला एलईडी टाकायची हौस होती. तुम्ही त्याला रागावला नाहीत, दुकानातला एक बल्ब लावून दाखवलात. लाल काचेतून पांढरा एलईडी फिका गुलाबी दिसला, ब्रेकचा आणि रात्रीचा उजेड जवळपास सारखाच, आणि इंडिकेटरमध्ये लावला तर तो भरभर लुकलुकायला लागला, कारण इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या फ्लॅशरला लोडच मिळेना. पोरगं पाहूनच समजलं.

भाऊ, हे सगळं मला इतकं मोठं का वाटतं ते सांगतो. रात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं असलं की आमच्या ओळीतल्या घरांना हीच गाडी. हायवेवर हैदराबादचे ट्रक, वणीकडून कोळशाचे ट्रक. मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे असा केंद्रीय मोटार वाहन नियम आहे. ताशी ८० किलोमीटरने येणारा ट्रक तेवढं अंतर सात सेकंदांत कापतो. आमचा मंद दिवा त्याला निम्म्यावर दिसला असता तर ड्रायव्हरकडे साडेतीनच सेकंद उरले असते. पुन्हा पासिंगला गेल्यावर आरटीओत दिवे तपासतातच, पण पासिंग पाच वर्षांतून एकदा येतं आणि रात्र रोज येते.

कापसाच्या हंगामात जिनिंग कारखान्याकडे निघालेल्या बंड्यांना, म्हणजे बैलगाड्यांना, तुम्ही दुकानासमोर थांबवून मागच्या फळीला लाल रेडियमची पट्टी चिकटवून देता, तेही पाहिलं आहे. त्याचे पैसे घेताना तुम्हाला कोणी पाहिलेलं नाही. त्या बंडीवाल्यांच्या वतीनेही हे आभार समजा. त्यातले काही आमच्याच गावचे आहेत.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी आता पंधरवड्यातून एकदा संध्याकाळी गाडी गोठ्याच्या भिंतीकडे पाठ करून लावतो आणि आरशातून एकेक दिवा पाहतो. पावसात गाडी काढण्याआधी काचेवरचा काळ्या मातीचा चिखल फडक्याने पुसतो. हे करायला दुसरं माणूस लागत नाही.

एक काम आणखी आहे. शेजारच्या काकांच्या ट्रॉलीला मागे दिवाच नाही, ट्रॅक्टरच्या वायरला जोडायचा नुसता तुटका कपलर लोंबतो. येत्या बाजाराच्या दिवशी ट्रॅक्टरसकट घेऊन येतो. दोन दिवे, रिफ्लेक्टर आणि लागेल तेवढी वायर काढून ठेवा. काकांनी पैसे माझ्याजवळ आधीच देऊन ठेवले आहेत, आणि माझ्या गाडीचे तुम्ही अर्धेच घेतले होते, ते उरलेलेही सोबत आणतो. या वेळी घ्यावे लागतील.

आपला,
पांढऱ्या मारुतीवाला,
तालुका केळापूर, जिल्हा यवतमाळ