क्रीडामंत्री साहेब, मुलींच्या फुटबॉल क्लबांना कोणी विचारणारं आहे का?

प्रति,
मा. क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब नमस्कार,

मी पिंपरी-चिंचवडमधली एक आई. मुलगी आठवीत आहे, लेफ्ट विंगला खेळते, आणि अभ्यासापेक्षा फुटबॉलवर तिचा जीव जास्त आहे. मी राजकारणावर बोलत नाही, कुठल्या पक्षाची पण नाही, पण गेले काही दिवस आम्हा चार-पाच पालकांचं ग्राउंडच्या कडेला उभं राहून जे बोलणं चालतं ते तुमच्यापर्यंत कोणीतरी पोचवायला हवं म्हणून लिहितेय.

आधी चांगलं ते सांगते. २०२२ ला बायकांच्या एशियन कपच्या मॅचेस बालेवाडीत, अंधेरीत आणि नवी मुंबईत झाल्या, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुलींच्या अंडर सेव्हन्टीन वर्ल्डकपची फायनल डी. वाय. पाटील स्टेडियमला झाली. जुलै २०२५ मध्ये आपल्या बायकांच्या टीमने थायलंडला त्यांच्याच घरी २-१ हरवलं आणि पहिल्यांदाच क्वालिफायर खेळून एशियन कप गाठला, दोन्ही गोल संगीता बासफोरचे, ते आमच्या घरात इतक्या वेळा रिप्ले झालेत की आमच्या सासूबाईंना पण तिचं नाव पाठ आहे. डिसेंबर २०२५ ला मेस्सी वानखेडेवर आला, तेरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी 'प्रोजेक्ट महादेवा' ही सरकारची फुटबॉल योजना जाहीर झाली. छान आहे सगळं. ज्या मुलींची निवड झाली त्यांचं कौतुकच आहे.

पण साहेब, निवड होण्याआधी मुलगी कुठेतरी खेळायला शिकते ना? ते कुठे शिकते? शाळेत पीटीचा तास पोर्शन पूर्ण करायला जातो, पालिकेच्या ग्राउंडवर संध्याकाळी मुलांचं क्रिकेट असतं, तिथे तेरा वर्षांच्या मुलीला एकटीला कोण सोडणार. मग राहतात प्रायव्हेट क्लब आणि ॲकॅडम्या. म्हणजे ज्या दारातून प्रत्येक मुलीला आत जायचंय त्या दारावर सरकारचं कोणीच उभं नाहीये, माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

फीचं पटकन सांगून टाकते, कारण त्यात नवीन काही नाही. महिना साडेतीन हजार, तीन महिन्यांची एकदम, किट त्यांच्याकडूनच, टूर्नामेंटची एंट्री वेगळी, बाहेरगावी गेलं की कोचच्या राहण्याखाण्याचा खर्च आपल्यातच वाटून. कोणी विचारलं तर 'क्वालिटी हवी तर पैसे लागतात मॅडम'. बरं, देतो. पण क्वालिटी म्हणजे काय तर मुलांना संध्याकाळी साडेपाचचा स्लॉट आणि मुलींना रात्री साडेआठचा, शाळेच्या दिवशी. फी दोघांना सेम! स्लॉट का बदलत नाही तर म्हणे मुली कमी आहेत. अहो साडेआठला ठेवल्यावर कमीच येणार ना.

मॅचेसची गंमत ऐका. मागच्या सीझनला एका रविवारी सकाळी सातला रिपोर्टिंग होतं, आम्ही पहाटे उठून डबे करून पोरींना घेऊन गेलो, शिनगार्ड बांधून, केस घट्ट वेणीत बांधून सगळ्या तयार. समोरच्या टीमच्या मुली भरल्याच नाहीत. रेफ्रींनी वेळ दिला, वाट बघितली, मग वॉकओव्हर, म्हणजे न खेळताच आम्ही जिंकलो. पोरी म्हणाल्या आम्ही आपापसात खेळतो थोडं, तर लगेच शिट्टी, बाहेर व्हा, पुढची मुलांची मॅच लागलीय. आमच्या पोरी बॉलला पाय न लावता घरी. आणि दुपारी क्लबच्या इन्स्टावर पोस्ट काय, तर 'गर्ल्स टीमचा आणखी एक दणदणीत विजय', खाली आगीचे इमोजी. मला हसावं का रडावं कळेना. मुलींच्या एज ग्रुपला टीमच मोजक्या, त्यातल्या अर्ध्या ऐनवेळी येत नाहीत, म्हणजे वर्षभर फी भरून खऱ्या मॅचेस हाताच्या बोटावर मोजण्याएवढ्या. त्यात पुन्हा शाळेकडून डीएसओच्या म्हणजे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या स्पर्धेत किंवा सुब्रतो कप या शाळांच्या स्पर्धेत खेळायचं म्हटलं की क्लबचे सर नाराज, 'चिखलात खेळून पाय मोडून घेशील, मग आमच्याकडे येऊ नकोस'. दहावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात ना साहेब, त्याचा हिशोब हे सर करणार आहेत का?

आता ज्यासाठी खरं हे पत्र लिहायला घेतलं ते, एनओसी, म्हणजे क्लब सोडायचा ना हरकत दाखला. ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनची ऑनलाइन रजिस्ट्रेशन सिस्टीम आहे, सीआरएस म्हणतात, लीग खेळायची तर मुलीचं नाव एखाद्या क्लबकडून त्यात चढवावं लागतं. वाईट काही नाही, वय तपासलं जातं, डबल रजिस्ट्रेशन होत नाही, असायलाच हवी. पण एकदा नाव चढलं की दुसऱ्या क्लबात जायला जुन्या क्लबने हो म्हणावं लागतं, आणि घोडं इथेच पेंड खातं. माझ्या मुलीच्या टीममधली एक पोरगी, स्टॉपर म्हणजे बचावात खेळणारी, काय टॅकल करायची! तिच्या बाबांची नोकरी बदलली, ते लोक चिंचवडवरून हडपसरला शिफ्ट झाले. आता हडपसरवरून रात्री साडेआठला प्रॅक्टिसला कोण येणार? त्यांनी घराजवळचा क्लब बघितला आणि इकडे एनओसी मागितली. सर म्हणाले मॅनेजमेंटशी बोला. मॅनेजमेंटचा फोन लागला की ते म्हणायचे सर ठरवतील. शेवटी एक दिवस ते गृहस्थ टर्फच्या गेटवर येऊन उभे राहिले, हेल्मेट हातात, प्रॅक्टिस संपेपर्यंत, तेव्हा सांगितलं की वर्षाची उरलेली फी भरा मग बघू. का भरायची? तर 'आम्ही तिला घडवलंय'. अहो घडवायचे पैसे महिन्याच्या महिन्याला घेतलेत की तुम्ही! पगारावर ठेवलेली प्लेयर आहे का ती? बारा वर्षांचं लेकरू आहे. त्यांनी भरले नाहीत, भरू शकत पण नव्हते शिफ्टिंगच्या खर्चात, आणि तोपर्यंत तिकडची लीग सुरू झाली. ती पोरगी आता बॅडमिंटन खेळते. बॅडमिंटन वाईट नाही, पण तिला बॅडमिंटन खेळायचं नव्हतं.

साहेब तुम्ही म्हणाल ग्राहक मंचात जा. एनओसीसाठी ग्राहक मंचात जाऊन निकाल लागेपर्यंत पोरगी कॉलेजला गेलेली असेल.

मी जरा शोधलं की आयआयटी-नीटच्या क्लासेसना तरी काही नियम आहेत का. आहेत. जानेवारी २०२४ ला केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने कोचिंग सेंटरसाठी गाइडलाइन्स काढल्या, मुलाने मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करायची असं त्यात स्पष्ट लिहिलंय. वाचून बरं वाटलं, पुढे व्याख्येत गेले तर तिथे लिहिलंय की कोचिंगमध्ये स्पोर्ट्स, डान्स, नाटक वगैरे धरायचं नाही. झालं! म्हणजे फिजिक्स शिकवणाऱ्याला नियम आणि माझ्या मुलीला रात्री दहापर्यंत ग्राउंडवर ठेवणाऱ्याला काहीच नाही. मग २०२५ चा नॅशनल स्पोर्ट्स गव्हर्नन्स ॲक्ट बघितला, त्यात सेफ स्पोर्ट्स पॉलिसी आहे, तक्रार निवारण आहे, पण तो सगळा फेडरेशन लेव्हलचा मामला. आमच्या सोसायटीमागच्या टर्फवर फ्लेक्स लावून ॲकॅडमी काढणाऱ्यापर्यंत तो कधी पोचणार?

आणि हे मी उगाच भीती घालायला लिहीत नाहीये. जून २०२२ ला अंडर सेव्हन्टीन मुलींच्या भारतीय टीमच्या असिस्टंट कोचला गैरवर्तनाच्या आरोपावरून युरोप दौऱ्यातून परत बोलावून काढून टाकलं होतं. मार्च २०२४ ला गोव्यात लीग खेळायला आलेल्या हिमाचलच्या क्लबमधल्या दोन खेळाडूंनी फेडरेशनच्याच एका पदाधिकाऱ्यावर मारहाणीची तक्रार केली. पेपरमध्ये आलंय सगळं. जिथे कॅमेरे, मॅनेजर, फेडरेशन सगळं आहे तिथे ही अवस्था, तर आमच्याकडे काय? आमच्या मुलींच्या बॅचला एकही लेडी कोच नाही. टर्फवर एकच टॉयलेट, कडी तुटलेली, एक पोरगी आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी. पाळी आलेली मुलगी सरांना काय सांगणार, ती पोटात दुखतंय म्हणते आणि सर म्हणतात नाटकं करू नकोस, दोन राऊंड मार.

माझी नणंद न्यू जर्सीत असते, तिची मुलगी पण क्लब सॉकर खेळते, रडगाणं सेम आहे, फक्त डॉलरमध्ये. तिकडे २०२२ ला बायकांच्या व्यावसायिक लीगमधल्या शोषणाचा मोठा चौकशी अहवाल आला, त्यात लिहिलं होतं की खेळाडूंना घालूनपाडून बोलायची सवय मुलींच्या युथ लीगपासूनच लागलेली असते. पण तिकडे निदान अहवाल तरी निघाला. आमच्याकडे व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि त्यावर फक्त ॲडमिन मेसेज टाकू शकतो.

तुम्ही विचाराल की प्रायव्हेट क्लब आहेत, सरकार काय करणार. करू शकतं साहेब, कारण यातल्या कितीतरी क्लबांकडे स्वतःची जमीन नाही. ते खेळतात कुठे? पालिकेच्या ग्राउंडवर, जिल्हा आणि तालुका क्रीडा संकुलांत, शाळांच्या मैदानांवर. १९९४ च्या नॅशनल गेम्ससाठी बालेवाडीचं क्रीडा संकुल उभं केलं ते आमच्याच टॅक्समधून, आणि तुमचं क्रीडा संचालनालय पण तिथेच बसतं. सरकारी जागा भाड्याने देताना करारात चार ओळी घाला. मुलींच्या बॅचला एक तरी लेडी कोच किंवा निदान लेडी असिस्टंट, सगळ्या कोचचं पोलीस व्हेरिफिकेशन, धड कडी असलेलं टॉयलेट, आणि मुलगी सोडून चालली तर सात दिवसांत एनओसी, थकलेल्या फीचं भांडण आईबापांशी वेगळं करा, पोरीचं नाव अडकवून नाही. जो पाळणार नाही त्याचं ग्राउंड बंद. यासाठी नवीन कायदा पण लागत नाही, एक जीआर पुरेल. पालिकांची ग्राउंड्स तुमच्या खात्यात येत नाहीत हे माहितीये, नगरविकासवाल्यांशी बोलून घ्या.

एनओसीचं राज्य संघटनेला म्हणजे विफाला सांगावं लागेल, ती स्वायत्त आहे वगैरे मला कळतं. पण प्रोजेक्ट महादेवामध्ये सरकार त्यांच्याबरोबर बसलं होतं ना, मग याच्यासाठी पण एकदा बसा. आणि त्या मीटिंगला दोन-तीन पालक बोलवा, क्लबचे मालक नकोत, ते तुम्हाला एरवी भेटतातच.

नाव-पत्ता लिहिलेला नाही, कारण मुलगी अजून त्याच क्लबात आहे आणि पुढच्या महिन्यात ए टीमचं सिलेक्शन आहे. आम्हा सगळ्यांचं हेच चाललंय, तोंड दाबून बुक्क्यांचा मार. त्यामुळे मला फोन करून 'तुमची तक्रार द्या, बघतो' असं करू नका, एका क्लबावर कारवाई करून प्रश्न सुटणार पण नाही. जे काही ठरेल ते संचालनालयाच्या वेबसाइटवर मराठीत टाका, आम्ही वाचू. फक्त नवीन सीझनच्या ट्रायल्सचे फ्लेक्स लागायच्या आत टाका, कारण एकदा का फी भरली आणि सीआरएसवर नाव चढलं की आमचं वर्ष गेलं.

आपली,
एक फुटबॉलवाली आई, पिंपरी-चिंचवड