जुन्या गाडीचे पहिले ऑइल: काय पाहावे, काय टाळावे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

वापरलेली मोटार घरी आली की आपण तिला हार घालतो, नवी सीट कव्हर चढवतो, आणि इंजिन ऑइलचा विषय मात्र आधीच्या मालकाच्या शब्दावर सोडून देतो. ‘गेल्या महिन्यातच बदललंय’ हे खरे असेलही. पण कोणत्या ग्रेडचे टाकले, किती टाकले, फिल्टर बदलला का, हे त्यातून कळत नाही. म्हणून गाडी ताब्यात आल्यावर पहिल्या आठवड्यातच ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलावेत. स्वतः करा किंवा गॅरेजमध्ये करून घ्या, पण डोळ्यांसमोर करा. जुन्या इंजिनाची खरी हकिकत त्यातून निघणारे ऑइलच सांगते.

बडोद्यात तर आधी ऑइलची काडी (डिपस्टिक) ओढून पाहावी. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी वस्त्यांत शिरले तेव्हा उभ्या गाड्या बुडाल्या होत्या. अशी गाडी धुऊनपुसून विक्रीला आली तर वरून ओळखू येत नाही. काडीवरचे ऑइल दुधाळ चहासारखे दिसले किंवा पातळी वरच्या खुणेच्याही वर असली, तर स्टार्टर मारूच नये. एरवी ऑइल काढण्याआधी इंजिन पाच-दहा मिनिटे चालवून ऑइल कोमट करतात, म्हणजे गाळ त्याच्याबरोबर निघून येतो. पाण्याचा संशय असला की उलट करायचे. गाडी रात्रभर उभी ठेवावी आणि थंड इंजिनाच्या चेंबरचा, म्हणजे तळाच्या ऑइलच्या भांड्याचा, बोल्ट हळूहळू सैल करावा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते आणि सुटे पाणी असेल तर तेच आधी बाहेर येते. पुराचा संबंध नसताना ऑइल दुधाळ निघाले आणि रेडिएटरमधले पाणीही कमी होत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचे पॅकिंग) तपासून घ्यावे. पावसाळ्यात जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या ऑइल कॅपखाली थोडा पिवळट फेस जमतो. काडी स्वच्छ असेल तर त्याला घाबरू नये.

आता प्रत्यक्ष काम. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा आणि मागच्या चाकांना विटा लावाव्यात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये, खाली घोडी (जॅक स्टँड) हवीच. बोल्ट खोलण्याआधी वरची ऑइल कॅप उघडते का ते पाहावे. चेंबरच्या बोल्टला गाडीप्रमाणे १४ किंवा १७ नंबरचा पाना लागतो. तो रिंग पाना किंवा सॉकेटच असावा, उघड्या तोंडाच्या पान्याने बोल्टचे कोपरे झिजतात. आधीच्या कोणी जोर लावून आवळला असेल तर चेंबरचे आटेही गेलेले असतात. तिथे एम-सील थापणे किंवा टेफ्लॉन टेप गुंडाळणे हा उपाय नव्हे. आटे नव्याने पाडून घ्यावेत किंवा चेंबर बदलावा. बसवताना वॉशर नवा घ्यावा. मारुतीच्या छोट्या गाड्यांना साधारण ३५ न्यूटन-मीटर एवढाच जोर पुरतो.

नवख्यांचा घोटाळा बहुतेक वेळा इथेच होतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरबॉक्सचा बोल्टही जवळच असतो. तो चुकून खोलला तर गिअर ऑइल निघून जाते आणि वरून नवे ऑइल भरल्यावर इंजिनात ते दुप्पट होते. ऑइल काढल्यावर काडी पुसून पुन्हा घालावी. ती कोरडी आली तरच पुढे जावे.

निघालेले ऑइल मोजावे. चेंबरच्या क्षमतेपेक्षा बरेच कमी निघाले, तर इंजिन ऑइल जाळते किंवा कुठेतरी गळते. काळा रंग हा दोष नाही. पेट्रोलचा उग्र वास मात्र दोष आहे. कार्ब्युरेटरच्या जुन्या मारुती ८०० मध्ये फ्युएल पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरते. ऑइलमध्ये चमकणारे कण दिसले तर चुंबक फिरवावा. चिकटले तर लोखंडाचे, न चिकटणारे बहुधा बेअरिंगचे. दोन्हीपैकी काहीही असले तरी मेकॅनिकला दाखवल्याशिवाय गाडी लांब नेऊ नये.

फिल्टर काढल्यावर त्याची रबर रिंग इंजिनाला चिकटून राहिली का ते बोट फिरवून पाहावे. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर इंजिन सुरू होताच ऑइल उडते. नव्या रिंगेला ऑइल लावून फिल्टर हातानेच बसवावा आणि रिंग टेकल्यावर पाऊण फेरा आवळावा.

ग्रेड पुस्तिकेत दिलेलीच घ्यावी. कार्ब्युरेटरच्या काळातल्या गाड्यांना २०डब्ल्यू-४० चालते. त्यांत ०डब्ल्यू-२० सारखे पातळ ऑइल घालून मायलेज वाढवायला जाऊ नये. बाईकचेही २०डब्ल्यू-४० मिळते, पण ते ओल्या, म्हणजे इंजिन ऑइलमध्येच बुडालेल्या, क्लचसाठी बनवलेले असते; गाडीत ते घालू नये. मारुती ८०० ला फिल्टरसह साधारण पावणेतीन लिटर लागते. आधी सव्वादोन लिटर ओतावे, इंजिन मिनिटभर चालवून बंद करावे, पाच मिनिटांनी काडी पाहावी आणि मग पाव-पाव लिटर वाढवावे. जास्त झाले तर क्रँक (इंजिनातला फिरता दांडा) ते घुसळून फेस करतो आणि ऑइलचे प्रेशर पडते. सुरू केल्यावर ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे, नाही विझला तर लगेच बंद.

एका प्रथेला माझा ठाम विरोध आहे: ‘फ्लशिंग’च्या नावाखाली चेंबरमध्ये डिझेल किंवा रॉकेल टाकून इंजिन चालवणे. वर्षानुवर्षांचा गाळ त्याने एकदम सुटतो, ऑइल पंपाची जाळी बुजते आणि बेअरिंगला ऑइल मिळत नाही. त्यापेक्षा योग्य ग्रेडचे साधे ऑइल भरून हजार-दीड हजार किलोमीटरनंतर ते आणि फिल्टर पुन्हा बदलावेत. गाळ हळूहळू निघतो. खर्च दुप्पट होतो, पण इंजिन बांधण्याच्या खर्चापुढे तो काहीच नाही. रिकाम्या डब्याला भोक पाडून तो टाकावा, नाहीतर त्यातच बनावट ऑइल भरून विकले जाते.

जुने ऑइल कांसात, म्हणजे पावसाळी नाल्यात, ओतले तर ते सरळ विश्वामित्रीत, मगरींच्या पाण्यात जाते. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचरा आहे आणि नोंदणीकृत रिसायकलरकडेच गेले पाहिजे. पण चार लिटरचा डबा घेऊन सामान्य माणसाने जावे कुठे? महानगरपालिकेने प्रत्येक वॉर्ड कचेरीत झाकणबंद पिंप ठेवावे, जुने फिल्टरही तिथेच घ्यावेत, आणि महिन्यातून एकदा रिसायकलरला बोलावून ते रिकामे करावे.

आपला,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे