बाग दुपारी एकपर्यंत उघडी ठेवा

महोदय,

जागतिक पार्किन्सन्स दिनानिमित्त ११ एप्रिलच्या अंकात व्यायामाचे महत्त्व सांगणारा लेख वाचला. त्यातले सगळे मान्य. पण हा व्यायाम करायचा कुठे आणि किती वाजता, एवढेच मला विचारायचे आहे.

माझे यजमान शाळेत पीटीचे शिक्षक होते. आता त्यांना कंपवात, म्हणजेच पार्किन्सन्स आहे. हाताच्या थरथरीपेक्षा चालण्याचा त्रास मोठा. पावले आखडतात, हात झुलत नाहीत, आणि दारात किंवा वळताना पाय जमिनीला खिळल्यासारखे अडतात. मेंदूत डोपामिन हे हालचालींसाठी लागणारे रसायन कमी पडते म्हणून हे होते. गोळीने काही तास भागते; त्याच वेळेत लांब ढांगा टाकत, हात हलवत, थोडी धाप लागेपर्यंत चालवा, असे फिजिओथेरपिस्टनी सांगितले आहे. सकाळी सातची गोळी अंघोळ, दाढी आणि शर्टाची बटणे यातच संपते. दुसरी साडेदहाला. ती लागू पडते सव्वाअकराच्या सुमारास, आणि आमच्या भागातली बाग अकराला बंद होते! पुन्हा उघडते चारला. संध्याकाळी तिथे सायकली, चेंडू, पळणारी मुले. मुलांनी खेळावेच; पण कुणी आडवे आले की यांचे पाऊल जागीच अडकते.

घरातच चालवा म्हणणाऱ्यांना सांगते, आमच्या हॉलमध्ये पाच-सहा पावलांवर भिंत येते. म्हणजे वळणे आले, आणि तोल जातो तो बहुधा वळतानाच. रस्त्यावर पेव्हर ब्लॉक उखडलेले, फुटपाथवर दुचाक्या. लांब, सरळ, सपाट वाट हवी. ती बागेतच आहे. उन्हाचे म्हणाल तर ट्रॅकवर कडुनिंबाची दाट सावली आहे.

आणखी एक. जमिनीवर आडव्या रेघा असल्या की अडलेले पाऊल पुष्कळदा सुटते. घरात आम्ही रंगीत चिकटपट्ट्या लावल्या आहेत. मी "एक-दो, एक-दो" म्हणते, आणि जन्मभर मुलांकडून कदमताल करून घेणारे सर रेघा ओलांडत स्वयंपाकघरापर्यंत येतात. बागेतल्या ट्रॅकच्या थोड्या भागावर अशा पांढऱ्या रेघा मारायला रंगाचा एक डबा पुरेल. ओपन जिम मोठ्या थाटात बसवली, पण उभे राहून कंबर फिरवायची ती चकती तोल जाणाऱ्या माणसाच्या काय कामाची?

फाटक एकपर्यंत उघडे ठेवावे आणि रेघा माराव्यात, इतकीच मागणी आहे. मध्यंतरी रखवालदार ओळखीने आत सोडायचा. साहेब फेरीवर आले की त्यालाच बोलणी खावी लागत, म्हणून हल्ली आम्ही जाणेच सोडले आहे.

– एक वाचक भगिनी
(कृपया नाव छापू नये)